पितृपंधरवड्यातली पॉलिसी

"पेशंटचा मेडिक्लेम आहे का?" मंचरच्या दवाखान्यात खिडकीमागच्या पोरीनं विचारलं, आणि खिडकीपुढं उभे असलेले चार विमा एजंट एकमेकांच्या तोंडाकडं पाहू लागले.

त्यांच्या मागं चाकाच्या खाटेवर माझी धाकटी जाऊ पडली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ पांढरे. डॉक्टरनं तिच्या पोटाला उजवीकडं एकदाच हात लावला, तेव्हा ती अशी किंचाळली की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. "अपेंडिक्स फुटलंय. पोटात पू पसरलाय. आत्ता उघडावं लागेल. पैसे भरा, सही करा," एवढं सांगून डॉक्टर हात धुवायला आत गेले. सर्वपित्री अमावस्येची दुपार होती.

"आहे का मेडिक्लेम?" पोरीनं पुन्हा विचारलं.

"व्हता," आमचे मालक म्हणाले.

त्या चौघांची ओळख करून देते. पहिले आमचे मालक. महाळुंगे पडवळला आमची शेती आणि त्याच्या जोडीला पंधरा-वीस वर्षांची विम्याची एजन्सी. दुसरे माझे धाकटे दीर, म्हणजे खाटेवर पडली होती तिचा नवरा. तेही एजंट, पण थोरल्या भावाच्या सावलीतले. त्यांच्या तोंडात एकच वाक्य असायचं, "दादा म्हणत्यात ते बरोबर हाये." तिसरे पारगावकडचे एक शाळामास्तर. सरकारी नोकराला एजन्सी चालत नाही, म्हणून मास्तरांची एजन्सी बायकोच्या नावावर. त्या बाईनं विम्याचा फॉर्म कधी डोळ्यानं पाहिला नव्हता. वर्षाकाठी एक बक्षिसाचं घड्याळ घरी यायचं, तेवढाच तिचा विम्याशी संबंध. चौथे मंचरचे कापडवाले शेठ. जैन घराणं, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, मराठी आमच्याहून शुद्ध. मास्तर आमच्याकडं पितरांच्या जेवणाला आले होते म्हणून बरोबर आले. शेठचं दुकान दवाखान्याच्या गल्लीतच, ते निरोप मिळताच आले.

आजूबाजूच्या दहा-बारा गावांत दवाखान्याची पॉलिसी कोणाकडं असेल तर ती या चौघांपैकी कोणीतरी विकलेली असायची. आणि आमच्या घरातलं माणूस पोट फुटून पडलं तेव्हा आमच्या घराला पॉलिसी नव्हती. ती नऊ दिवसांपूर्वी संपली होती. विसरून संपली नव्हती. चांगली विचार करून, तीन रविवार बैठका मारून संपवली होती.

मी चौथीपर्यंत शिकले. पण विम्याचं शिक्षण मला घरबसल्या मिळालं, कारण बैठका आमच्या ओट्यावर व्हायच्या आणि चहा मीच द्यायचे. नव्वद सालाच्या पुढंमागं हे लोक फक्त मरणाचा विमा विकायचे. मरणाचा विमा लोकांना कळायचा. माणूस मेलं की पैसे. आजारपणाचा विमा त्याला जोड म्हणून आला, तेव्हा तो कोणालाच कळेना. एकदा पेठ गावचा एक पाहुणा ओट्यावर बसून मालकांना म्हणाला, "आन म्या वर्सभर आजारीच पडलो न्हाई, तर पैसं माघारी मिळत्यात का?"

"न्हाई मिळत."

"मंग पडावंच लागंल की राव."

मालकांनी त्याला तासभर समजावलं. तेव्हा त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पावणं, आजच सही करा. सही केल्यावर बी पयलं तीस दिवस काय मिळत न्हाई. जेवढा उशीर कराल तेवढं तीस दिवस फुडं जात्यात." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की दूध तापवताना मलाही ते पाठ म्हणता यायचं. ते लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. मालकांच्या मात्र लक्षात राहिलं नाही.

दोन हजार साल उलटल्यावर खासगी कंपन्या आल्या. त्यांचे कागद गुळगुळीत. कागदावर एक म्हातारा-म्हातारी हसत बसलेली, दोघांच्या हाताला कधी मातीच लागलेली नाही अशी. मग चार-पाच वर्षांनी जुन्या कंपनीचं पत्र आलं, की दवाखान्याच्या पॉलिसीचे दर वाढवले आहेत. वाढ लहान नव्हती. पन्नाशीपुढच्यांना तर जास्तच. गणपती बसायला थोडे दिवस होते आणि आमच्या घराची पॉलिसी महिन्याभरात भरायला यायची होती.

त्या रविवारी चौघं ओट्यावर जमले. जुनी, एक नवी स्वस्त आणि एक मधल्या दराची, अशा तीन कंपन्यांचे कागद मध्ये पसरले, वर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून माझा पाटा-वरवंटा आणून ठेवला. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना माणसं करतात तसं चाललं होतं. कोणी दात बघतोय, कोणी शेपटी धरतोय, आणि बैल मुकाट उभा.

"जुनीनं लईच वाढवलं," मास्तर म्हणाले.

"औंदा वाढवलं, फुडल्या वर्सी बी वाढवणार," मालक म्हणाले. "बैल एकदा औतात बसाया शिकला की बसतोच."

"दादा म्हणत्यात ते बरोबर हाये," दीर म्हणाले.

शेठ कागद उलटसुलट करत होते. "पण नवी कंपनी तरी दर वाढवणार नाही कशावरून?"

"शेठ, तिच्या सायबानं मला सोता शबुद दिलाय."

मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "कुठला सायेब?"

"पुण्याचा."

"त्यानं कंपनीला इचारलंय का शबुद द्यायच्या आधी?"

"तू आत जा. कपात साखर कमी हाये," मालक म्हणाले. साखर बरोबर होती.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. जुनी कंपनी महाग पण मुरलेली. आमच्या घरात कोणाला काय दुखतंखुपतं ते सगळं तिच्या कागदात आलेलं, आणि इतक्या वर्षांत त्या दुखण्यांचे पैसेही मिळायला लागलेले. नवी स्वस्त, पण तिच्याकडं सगळं पहिल्यापासून, जुन्या दुखण्याला पुन्हा काही वर्षं थांबायचं. तिसरी मधली, म्हणून तिच्याकडं कोणी बघेना. नव्या कंपनीनं आणखी एक गोष्ट केली होती. जो एजंट पंचवीस घरं आणील त्याला गोव्याची सहल. याबद्दल ओट्यावर कोणी बोलत नव्हतं. सगळे गिऱ्हाइकाच्या हिताबद्दलच बोलत होते. एवढं हित एका जागी मी त्यानंतर कधी ऐकलं नाही. मास्तरांनी मात्र मधेच विचारलं, "गोव्याला बायकोला न्यावं लागंल का? एजन्सी तिच्या नावावं हाये."

"मंग तीच जाईल, तुमी घरी ऱ्हावा," मी आतून म्हणाले.

तिसऱ्या रविवारी निकाल लागला. लोकांच्या पॉलिसी जुनीतून काढून नवीत न्यायच्या. आणि लोकांना सांगायला तोंड पाहिजे म्हणून आधी आपल्या घराची न्यायची. "आपलीच हालवली न्हाई तर लोक म्हंतील, सोता जुनीत बसून आमाला ढकलतोय," असं मालक म्हणाले. ते खोटं नव्हतं. लोक म्हणालेच असते.

पण तीन रविवार तोलण्यात गेले, तोवर गणपती गेले आणि पितृपंधरवडा लागला होता. जुनी पॉलिसी षष्ठीला संपत होती. आमच्याकडं पंधरवड्यात नवं काही करत नाहीत. कापड घेत नाहीत, सोयरीक बोलत नाहीत, साधा झाडूसुद्धा पुढं ढकलतात. मालकांनी ओट्यावरच शास्त्र काढलं. जुनी पॉलिसी पुन्हा भरणं हे नवं नाही, ते पंधरवड्यात चालतं. नवी पॉलिसी हे नवं, ते चालत नाही. म्हणून जुनी षष्ठीला संपू द्यायची आणि नवीवर घटस्थापनेला सकाळी सही करायची.

"मधले नऊ दिवस?" शेठनी विचारलं.

"नऊ दिवसांत काय व्हतंय?"

"तेच तर आपण लोकांना उलटं सांगतो," शेठ हळूच म्हणाले. "मी म्हणतो, या वर्षी जुनीच भरा. पुढच्या वर्षी बघू."

"शेठ, तुमच्यात पितरं जेवाय घालत न्हाईत. तुमाला न्हाई कळायचं त्ये."

शेठनी कपातला चहा संपवला आणि विषय सोडला. दीर काय म्हणाले ते सांगायला नको.

त्याच दिवशी आत चुलीपाशी जाऊ मला म्हणाली होती, "आक्का, उजव्या अंगाला पोटात टोचतंय." मी तिला ओवा दिला. अमावस्येपर्यंत तिनं तीनदा सांगितलं आणि तीनदा मी ओवाच दिला. बाहेर ओट्यावर चार शहाणे होते, तर आत मी पाचवी होते. आपलं झाकून लोकांचं सांगू नये.

सर्वपित्रीला घरात स्वयंपाक मोठा. खीर, कढी, अळूची भाजी, वडे. जाऊ वडे थापत होती. नैवेद्याचं पान परसात ठेवलं, मालक हात जोडून कावळ्याची वाट बघत उभे राहिले, आणि आत जाऊ परातीवर वाकली ती सरळ झालीच नाही. अंग तव्यासारखं तापलेलं. मी परसात जाऊन म्हणाले, "गाडी बघा."

"कावळा शिवू दे," मालक म्हणाले.

"कावळ्याला घाई न्हाई. तिला हाये."

शेजाऱ्याचा पिकअप टोमॅटोच्या क्रेट्स उतरवून नुकताच आला होता. मागं गोधडी टाकली, तिला निजवली, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मंचरपर्यंत रस्त्यात जेवढे खड्डे होते तेवढ्या वेळा ती ओरडली, म्हणून मला बरं वाटत होतं. ओरडायची थांबली असती तर भ्याले असते.

असे आम्ही त्या खिडकीपुढं आलो.

"व्हता म्हणजे?" पोरीनं विचारलं.

"म्हंजी, उद्या व्हनार हाये," दीर म्हणाले.

पोरीनं पेन खाली ठेवलं. मग चौघं बाजूला भिंतीशी गेले. तिथं कॅलेंडर टांगलेलं होतं. मी खाटेचा दांडा धरून उभी होते, चार हातांवर, सगळं ऐकू येत होतं. मास्तरांच्या पिशवीत नव्या कंपनीचे कोरे फॉर्म कायमचे असायचे. त्यांनी एक बाहेर काढला.

"तारीख मागची घालू," मास्तर म्हणाले. "सायेब आपला हाये."

"मागची म्हंजी कोणती?" मालक कॅलेंडरवर बोट फिरवू लागले. "ही नगं. ही पंधरवड्यात येती."

खोटी तारीख घालायला माणूस तयार होता. पण ती खोटी तारीख पितृपक्षातली नको होती.

"मंग पौर्णिमेच्या आधीची घाला," मास्तर म्हणाले.

"तीस दिवस भराय पायजेत," शेठ म्हणाले. "सही झाल्यापासून तीस दिवस काही मिळत नाही. गणपतीच्या आधी जावं लागेल."

"तवा तर जुनी चालू व्हती," मालक म्हणाले.

"मग एकाच वेळी दोन पॉलिसी दिसतील."

"दोन दिसल्या तर दोन दिसल्या," दीर रडवेले होऊन म्हणाले.

"आणि खोटी तारीख मी घालू देणार नाही," शेठ म्हणाले. "सापडली तर आपल्या चौघांचं लायसन जाईल."

तेव्हा आमच्या मालकांना सुचलं. त्यांना आनंद झाल्यासारखा चेहरा झाला. "खोटं कशाला? आज अमावस्या हाये. अमावस्येला कोण पोट फाडतंय? डाक्टरला म्हणावं, आज सलाईन लावा, सुया द्या. सकाळी घट बसवतो, फॉर्मवर सही करतो, दुपारी आपरेशन. सगळंच खरं."

"दादा म्हणत्यात ते..." दिरांनी सुरुवात केली.

"तीस दिवस!" शेठ म्हणाले. आवाज चढवलेला मी त्यांचा तेवढाच ऐकला. "अहो, उद्या सही केली तरी तीस दिवस! तुम्हीच सांगता ना लोकांना!"

आयुष्यभर दुसऱ्याला विकलेलं वाक्य पहिल्यांदाच मालकांच्या कानात शिरलं. पण माणूस असा असतो की कानात शिरलेलं डोक्यात जायला वेळ लागतो. मास्तर तोवर फॉर्म आणि पेन घेऊन खाटेपाशी आले होते. वाकून जावेला म्हणाले, "वहिनी, एवढी सही करून ठिवा. काय व्हायचं त्ये फुडं बघू."

जाऊ डोळे न उघडता म्हणाली, "मास्तर, मी मेल्याव अंगठा घ्या. आता सरका."

डॉक्टर बाहेर आले. "सही झाली का?"

"डाक्टर, सकाळी घेतलं तर?" दिरांनी विचारलं. "आज अमावस्या..."

"सकाळी घ्यायला त्या असल्या पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. "मी लिहून देऊ का तुम्हाला, की तुम्ही नको म्हणालात?"

दिरांनी भावाकडं पाहिलं. भावानं कॅलेंडरकडं पाहिलं.

मी मास्तरांच्या हातातला फॉर्म घेतला, त्याच्या चार घड्या केल्या आणि चोळीत खुपसला. मग दिरांना म्हणाले, "भाऊजी, उद्या घट बसवायचं का हिचं सुतक धरायचं, त्ये आता बोला. हितं. दादाकडं बघू नगा. बायकू तुमची हाये."

त्यांनी पुन्हा दादाकडंच पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला आयुष्यात कोणी विचारलंच नव्हतं की तुझं काय म्हणणं आहे, त्यामुळं त्याच्याजवळ म्हणणं नव्हतं.

"मी सही केली तर चालंल का?" मी डॉक्टरला विचारलं.

"तुम्ही कोण?"

"जाऊ."

"चालेल. करा लवकर."

चौथीचं अक्षर माझं, सुपाएवढं. चौकटीबाहेर गेलं. नात्याच्या जागी मी "जाऊ" लिहिलं आणि पोरीकडं कागद सरकवला. मालक मागून म्हणाले, "आगं, पर पैसं?" मी म्हणाले, "तुमी इमावालं. तुमी बघा." शेठ तोवर दवाखान्यातून निघून गेले होते. मला वाटलं, पळाले. दहा मिनिटांत ते दुकानातला गल्ला रुमालात बांधून घेऊन आले आणि खिडकीत ठेवला. खाट आत गेली.

आम्ही बाकावर बसलो. मालकांनी एक उसासा टाकला. "येका दिवसानं हुकलं बघ."

"तीस दिवसांनी," मी म्हणाले.

शेठ माझ्या शेजारी होते. मी त्यांना विचारलं, "शेठ, तुमच्या घरची पॉलिसी नवीत नेली का?"

त्यांनी चष्मा पुसला. "नाही वहिनी. जुनीच भरली. वाढलेल्या दरानं. मागच्या आठवड्यात."

"मंग ओट्यावं दणकून बोलला का न्हाई?"

"मी सांगितलं होतं एकदा. मग तुमच्या पितरांचा विषय निघाला. तुमच्या धर्माचं मी कसं बोलणार?"

तोंडावर सभ्यपणा असला की माणूस बुडणाऱ्याला हाकसुद्धा हळू मारतो. पण गल्ला त्यांनीच आणला, हेही लिहिलं पाहिजे.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. पोट धुऊन काढलं, नळी ठेवली आहे, तीन दिवस काही सांगता येणार नाही, म्हणाले. ते तीन दिवस मी दवाखान्यात खाटेखाली सतरंजीवर काढले. घरी घट बसले का नाही ते मी विचारलं नाही. बसलेच असतील. चौथ्या दिवशी जावेनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "आक्का, वड्याचं पीठ झाकलं व्हतं का?" मी म्हणाले, "आंबलं. टाकलं." मग मी बाहेर जाऊन चहा प्याले. दसऱ्याला तिला घरी आणली.

पुढं काय झालं ते ऐका. दिवाळीनंतर चौघं पुन्हा ओट्यावर. नव्या कंपनीचा फॉर्म भरला, त्यात मागचं दुखणं लिहायचा रकाना होता. जावेचं ऑपरेशन त्यात लिहावं लागलं. स्वस्त कंपनीनं तेवढ्यासाठी तिचा दर वाढवून घेतला. दोन वर्षांनी त्याच कंपनीनं सगळ्यांचेच दर वाढवले, जुनीपेक्षा वरचढ. पुण्याचा साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता. गोव्याला कोणी गेलं नाही. पंचवीस घरं भरली नाहीत, मास्तरांची बायको वाचली.

आणि आमचे मालक त्या दुपारचाच धंदा करू लागले. गिऱ्हाइकाला सांगायचे, "पावणं, लोकांचं कशाला, आमच्या घरचंच सांगतो. माझी भावजय, पोट फुटलं, आन पॉलिसी नव्हती. काय हाल झालं इचारू नगा." पॉलिसी का नव्हती, ते कधी सांगितलं नाही. पाहुणा हळहळायचा आणि सही करायचा. आत जाऊ भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा मी म्हणाले, "बाहेर जाऊन टाक्यांची खूण दाखव, दोन सह्या जास्त व्हतील." ती म्हणाली, "मग कमिशन मला द्याया सांगा." आम्ही दोघी इतक्या हसलो की बाहेरून मालकांनी खाकरून दाखवलं.

मालक पुढं बसल्या जागी गेले. पॉलिसी चालू होती, दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही. दोन वर्षांनी दीर गेले. जाऊ वाचली. ती अजून आहे.